वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची ऊन पाण्याची कुंडं: मुंबईहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटून पहाटे गारवा जाणवू लागला की मला फोन सुरू होतात. "तू त्या गरम पाण्याच्या कुंडांवर जातेस ना? कसं जायचं गं? आईंना झेपेल का? स्वच्छ असतं का?" मी लहानपणी आजीचा हात धरून जायचे, आता सासूबाईंना घेऊन जाते. तेच ते उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

ही कुंडं नेमकी आहेत कुठे?

ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात. मुंबईपासून साधारण ७५ किलोमीटर. जवळजवळ लागून असलेली तीन गावं आहेत. वज्रेश्वरीला देवीचं मंदिर, तिथून दीडेक किलोमीटरवर अकलोली आणि थोडं पुढे गणेशपुरी. लोक सरसकट "वज्रेश्वरीची कुंडं" म्हणतात, पण नदीकाठची नाव असलेली कुंडं अकलोलीला आहेत. गणेशपुरीची कुंडं भीमेश्वराच्या देवळाशी आहेत. देवळापाशी उतरून "कुंड कुठाय, कुंड कुठाय" करत फिरणारी माणसं दर खेपेला दिसतात.

तिथे म्हणजे पार्क आहे का? पोरांना घसरगुंड्या वगैरे?

नाही. या रस्त्याला रिसॉर्ट आणि वॉटर पार्क भरपूर आहेत, पोरांना तेच हवं असेल तर खुशाल तिकडे न्या. कुंडं म्हणजे दगडी-सिमेंटची बांधीव टाकी, खालून येणारं गरम पाणी, काठावर पाय सोडून बसलेले आजी-आजोबा, बाजूला शंकराचं देऊळ आणि वाफ. बस, एवढंच. ज्यांना हे "एवढंच" पुरतं त्यांनी जावं. मागे माझ्या भाच्याने दहा मिनिटांत "आता काय करायचं?" विचारलं होतं, आणि त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही.

पाणी गरम कशामुळे? खाली ज्वालामुखी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला सगळ्यात आवडणाराही हाच.

ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच आहे हे खरं, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. त्याची धग उरलेली नाही. गंमत खोलीची आहे. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी डोंगरातल्या भेगांमधून मुरत मुरत खूप खाली जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर चढतं. वरच्या वाटेवर ते थोडं निवतंही. तरीही ते हाताला पोळतं, म्हणजे निदान किलोमीटरभर तरी खाली जाऊन आलेलं असणार. काल पडलेला पाऊस आज कुंडात येत नाही. आपण ज्यात पाय घालतो तो फार जुना पाऊस असतो.

आणि हे एकट्या अकलोलीचं नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण ३०० किलोमीटरच्या रेषेत असे झरे आहेत. सातिवली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूर. भूगर्भवाले त्याचा संबंध किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खडकांतल्या भेगांशी लावतात. पनवेल फ्लेक्शर, म्हणजे समुद्राकडे वाकलेल्या खडकांच्या थरांचा पट्टा, हा शब्द तुम्ही कधी ऐकला असेल, तोही याच भागातला. यातलं सगळ्यात कढत पाणी उन्हवऱ्याचं, सुमारे ७१ अंश.

गावांची नावं मोठ्याने म्हणून पाहा. उन्हेरे, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. आपण ताटात ऊन ऊन भात वाढतो ना, तेच हे ऊन. गावकऱ्यांनी नाव ठेवतानाच सगळं सांगून टाकलं होतं.

मग देवीने राक्षस मारले आणि त्यांचं रक्त म्हणजे हे पाणी, असं ऐकलं ते?

तशी कथा सांगतात खरी. परशुरामाने इथे यज्ञ केला, आसपासच्या टेकड्या त्या यज्ञाची राख आहेत, असंही सांगतात. देवीच्या नावामागे इंद्राच्या वज्राची गोष्ट आहे: ऋषींच्या यज्ञात इंद्राने वज्र फेकलं आणि देवीने ते गिळलं. आजी मला कुंडाच्या काठावर बसवून हे सांगायची आणि मी पाण्यातून पाय वर ओढून घ्यायचे, राक्षस धरेल म्हणून. पोरांना दोन्ही गोष्टी सांगा, राक्षसाचीही आणि भेगेचीही. त्यांना दोन्ही पचतात.

पाणी किती गरम असतं? पोळतं का?

कुंडागणिक वेगळं. काही कुंडांत आपल्या बादलीतल्या पाण्यापेक्षा थोडं जास्त, चाळिशीच्या पुढे. काहींत पन्नासच्या आसपास किंवा वर. चाळीस आणि पन्नास ऐकायला जवळजवळ वाटतात, पण आपलं आंघोळीचं पाणी चाळीसच्या आगेमागे असतं आणि पन्नासच्या पाण्यात काही मिनिटं राहिलं तर कातडी भाजते. लहान मुलांची त्याहून लवकर.

अकलोलीला सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड, रामकुंड, लक्ष्मणकुंड अशी नावं आहेत. नावावरून उडी मारू नका. तान्ह्या बाळाचं पाणी बघताना आपण कोपर बुडवतो, तसं बघा. कोपराला सोसलं तर पाय, पायाला सोसलं तर गुडघ्यापर्यंत, मग बाकीचं. रोज येणारे काका काठावर हमखास भेटतात. "कुठलं कुंड सोसेल?" असं त्यांना विचारलं की ते आनंदाने सांगतात, आणि वर त्यांच्या सांधेदुखीचा पूर्ण इतिहासही.

तिथे अंडी-बटाटे उकडतात म्हणे?

नाही हो. तांदूळ-डाळ शिजवतात ते हिमाचलातल्या मणिकरणला, तिथलं पाणी उकळीच्या जवळ असतं. इथे तुमचं अंडं कोमटच राहील. शिवाय ज्यात माणसं आंघोळ करतात त्यात अंडी कसली बुडवता?

जायचं कसं?

गाडीने: पश्चिम उपनगरातून दहिसर, काशिमीरा, वरसावे पूल, मग अहमदाबाद महामार्गाने शिरसाड फाटा. फाट्याला उजवीकडे अंबाडीचा रस्ता. तुंगारेश्वरचं जंगल एका बाजूला ठेवून पारोळ, उसगाववरून वज्रेश्वरी. ठाणे, कल्याण किंवा मुलुंडकडून येणाऱ्यांनी घोडबंदरच्या घाटात अडकायची हौस नसेल तर भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडी नाका गाठावा आणि तिथून वळावं. भिवंडीत ट्रक, घोडबंदरला ट्रक. ट्रक चुकत नाहीत, फक्त कुठले ते निवडायचं.

एसटीने: मी अजूनही आजीबरोबरच्या सवयीने हाच रस्ता सुचवते. लोकलने वसई रोड किंवा विरार, आणि बाहेरून एसटी. वसई रोडपासून वज्रेश्वरी साधारण तीस किलोमीटर आहे. भिवंडी, ठाणे, कल्याणकडूनही गाड्या येतात. उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे स्टँडवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यायची. फळ्यावर लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका, कंट्रोलरला तोंडाने विचारा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना मोफत. आजी-आजोबांचं आधार कार्ड घरी विसरू नका. आमच्या सासूबाई तर केवळ फुकट प्रवासाच्या आनंदात अर्ध्या बऱ्या होतात.

तिन्ही गावांमध्ये फिरायला रिक्षा मिळतात. माणसं जास्त असतील तर बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

किती वाजता निघावं?

पहाटे. म्हणजे खरोखर पहाटे, "लवकर निघू" म्हणून साडेआठला नाही. बोरिवलीहून पाचला निघालात तर सातच्या आत कुंडावर असता. थंडीत त्या वेळी पाण्यावर वाफ असते, माणसं मोजकी असतात आणि पाणी रात्रभर वाहून नितळ झालेलं असतं. दहानंतर रविवारची मुंबई येऊन पोचते. अकराला तुम्ही परतीच्या वाटेवर असावं, समोरच्या लेनमध्ये अडकलेल्या गाड्यांकडे बघत. असलं समाधान दुसऱ्या कशात नाही.

कोणता महिना, कोणता वार?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि मंगळवार-शुक्रवार सोडून कुठलाही आडवार. मंगळवार-शुक्रवार देवीचे, मंदिरात गर्दी असते. नवरात्रात आणि चैत्र अमावास्येच्या जत्रेच्या दिवसांत फक्त जत्रा बघायची असेल तरच जा, कुंडात तेव्हा पाय ठेवायलाही जागा नसते. गणेशपुरीला गुरुपौर्णिमेला तसंच.

मे महिन्यात? छत्तीस अंशांच्या उकाड्यात पन्नास अंशांच्या पाण्यात? लोक जातात. मी कारण विचारत नाही.

पावसाळ्यात जावं का?

पावसाळ्यात तो परिसर बघायला फार सुंदर असतो, पण पाण्यात उतरू नका. काही झरे तानसाच्या पात्राला लागून, काही पात्रातच आहेत. नदी चढली की ते पुराखाली जातात आणि आदल्या आठवड्यात पायाखाली असलेला दगड दिसेनासा होतो. याच नदीवर वर तानसा धरण आहे, १८९२ मध्ये बांधलेलं, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक. जुलैमध्ये "तानसा भरून वाहू लागला" ही बातमी ऐकून आपण इथे खूश होतो, पाणीकपात टळली म्हणून. पण ते वाहिलेलं पाणी याच गावांवरून खाली येतं. त्यामुळे ती बातमी आली की वज्रेश्वरीचा बेत रद्द, एवढं साधं गणित आमच्या घरात आहे.

अंगावर काय घालायचं? बायकांची सोय कशी आहे?

पूर्ण कपडे. जुना सुती सलवार-कुडता, गाऊन किंवा नऊवारी नेसणाऱ्यांना जुनं लुगडं. पुरुषांना पंचा किंवा हाफ पँट. हे तीर्थाचं ठिकाण आहे, स्विमिंग पूल नाही, आणि तिथल्या बायका तुमच्याकडे बघून काही बोलणार नाहीत पण तुम्हालाच अवघड वाटेल. जीन्स अजिबात नको, ओली जीन्स घेऊन एसटीत बसून बघा एकदा.

कपडे बदलायची सोय बेताचीच समजून जा. मी एक मोठी जुनी चादर नेते, दोघींनी धरली की तिसरीचं काम होतं. उघड्यावर नकोच असेल तर कुंडाचं पाणी बंद खोलीतल्या टाकीत घेऊन तासावर खोली देणारी छोटी लॉजेस आहेत. वयस्क बायकांसाठी मला तोच मार्ग बरा वाटतो. पण खोली घेण्याआधी आत जाऊन टाकी बघा. एकदा आम्ही न बघता पैसे दिले, आत गेलो तर टाकीच्या तळाशी आदल्या गिऱ्हाइकाची साबणाची वडी. मालक म्हणाला, "ताई, साबण म्हणजे स्वच्छच की!" तेव्हापासून आधी टाकी, मग पैसे.

चांदी घालून उतरलं तर काळी पडते, खरं का?

काही ठिकाणी पाण्याला गंधकाचा वास जाणवतो, उकडलेल्या अंड्यासारखा. गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. पैंजण, जोडवी, अंगठ्या घरीच ठेवा. चढलाच थर तर तो घासून निघतो, घाबरायचं कारण नाही.

त्वचारोग बरे होतात का? गुडघेदुखी?

खरं सांगू? आजीचे गुडघे दुखायचे, ती तासभर बसायची आणि येताना एसटीच्या पायऱ्या आधार न घेता चढायची. दोन दिवसांनी परत लंगडायची. गरम पाण्याने स्नायू सैल होतात, दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं. हे गरम पाण्याच्या पिशवीनेही होतं, फक्त पिशवीला देऊळ आणि गप्पा नसतात. रोग मुळापासून जातो असं मानून औषधं बंद करू नका. खरूज, गजकर्ण, उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. तुमच्यासाठीही नाही आणि तुमच्या नंतर उतरणाऱ्यांसाठीही नाही.

कोणी उतरू नये?

गरोदर बायकांनी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसू नये, अंगाचं तापमान वाढणं बाळाला चांगलं नाही. हृदयाचा त्रास, कमी-जास्त होणारं ब्लडप्रेशर असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं, आणि हे मी आवर्जून लांबवून सांगते कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाणी पोळतंय हे पायांना कळतच नाही. माणूस आरामात बसून राहतो आणि घरी आल्यावर मोजे काढताना फोड दिसतात. मधुमेही माणसाने पायाने पाणी तपासू नये, हाताने तपासावं किंवा बरोबरच्याला तपासायला लावावं. आणि पाच मिनिटांत पाय बाहेर.

पाणी कितीही सोसणारं असलं तरी सलग दहा मिनिटांच्या वर कोणीच बसू नये. उठताना सावकाश. गरम पाण्यातून झटकन उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पायाखाली शेवाळलेला दगड असतो. रिकाम्या पोटी नको, पण पोटभर नाश्त्यानंतरही नको. दोन केळी खाऊन उतरावं.

पाण्यातल्या अमिबाबद्दल वाचलं होतं. ते काय आहे?

नेग्लेरिया फाउलेरी नावाचा सूक्ष्मजीव कोमट आणि गरम गोड्या पाण्यात वाढू शकतो. लागण फार क्वचित होते, पण झाली तर मेंदूला होते आणि बहुतेक वेळा जीव जातो. केरळमध्ये २०२४ मध्ये असे रुग्ण सापडले होते, म्हणून आपल्याकडेही लोकांना हे नाव माहीत झालं. तो पाणी प्यायल्याने किंवा अंगाला लागल्याने जात नाही, नाकातून आत शिरतो. त्यामुळे नियम सोपा: डोकं बुडवायचं नाही, सूर मारायचा नाही, नाकात पाणी ओढायचं नाही, मुलांना एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवू द्यायचं नाही. "तीन बुड्या मारल्याशिवाय पुण्य नाही" म्हणणाऱ्या काकूंना नमस्कार करून ओंजळभर पाणी डोक्यावर मागच्या बाजूने घ्या. पुण्यात तेवढी सूट मिळत असावी.

साबण-शाम्पू?

नाही, नाही आणि नाही. ते वाहतं पाणी नदीत जातं. काठावरच्या शाम्पूच्या पुड्या, निर्माल्याच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या बघून दर वेळी जीव तुटतो. साबण लावायचाच असेल तर घरी येऊन लावा. खरं तर लावावासा वाटतही नाही, अंग आपोआप मऊ लागतं.

पाळी असेल तर?

पाण्यात उतरू नये, सार्वजनिक पाणी आहे आणि तुम्हालाही सुखाचं होणार नाही. काठावर बसून गप्पा मारायला काहीच हरकत नाही. देवळात जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी कोणाला सांगायला जात नाही.

मंदिर बघण्यासारखं आहे का?

कुंडासाठी गेलात आणि मंदिर बघितलं नाही असं करू नका, नास्तिक असलात तरी. टेकाडावर चढणाऱ्या ५२ पायऱ्या, वर नगारखाना, दगडी तट. लांबून बघितलं तर देऊळ नाही, छोटा किल्लाच वाटतो. त्यालाही कारण आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, किल्ला मिळू दे, तुझं देऊळ बांधतो. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली आणि नवस फेडला गेला. देवीचं मूळ ठाणं इथून उत्तरेला गुंज गावी होतं आणि ते पोर्तुगीजांनी मोडलं, असं सांगतात. गावाचं जुनं नाव वडवली. देवी आली आणि गाव तिच्या नावाचं झालं.

चढताना पायऱ्यांवर एक सोनेरी कासव कोरलेलं दिसेल. लोक त्याला हात लावून पुढे जातात. सासूबाई तिथे टेकतात, मला वाटतं कासवाच्या भक्तीपेक्षा दम घ्यायला. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांना खाली बसवा आणि आळीपाळीने जा.

वेळ आणि उत्साह दोन्ही असेल तर परतताना वसईचा किल्ला करा. सकाळी नवस फेडलेला बघायचा, दुपारी ज्यासाठी नवस बोलला तो बघायचा. उलट्या क्रमाने का होईना, इतिहास पोरांच्या डोक्यात बसतो. पुस्तकातला धडा वाचून माझ्या मुलाला चिमाजी अप्पा आठवत नव्हते, कासव आणि तोफांच्या भिंती बघून आठवतात.

गणेशपुरी वेगळी का बघायची?

तिथली हवाच वेगळी आहे. वज्रेश्वरी गजबजलेली, गणेशपुरी दबक्या आवाजात बोलणारी. नित्यानंद महाराज आधी केरळात कान्हनगडला होते, मग इथे आले आणि इथेच राहिले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांचं निधन झालं, त्यांची समाधी इथेच आहे. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रमही इथेच, त्यांच्यामुळे परदेशातली माणसं या गावात येऊ लागली. भिवंडी तालुक्यातल्या गावात मध्येच एखादी गोरी आजी शुद्ध नमस्कार करते, तेव्हा दचकू नका. आश्रम साधना करणाऱ्यांसाठी आहे, सहलीत डोकावायला जाऊ नये.

महाराजांच्या दाक्षिणात्य भक्तांमुळे गावात इडली-डोसा चांगला मिळतो. पहाटेचं कुंड, मग समाधीचं दर्शन, मग गरम इडली आणि फिल्टर कॉफी. या क्रमात कोणी बदल सुचवला तर मी ऐकत नाही.

खायला आणखी काय?

वडापाव, मिसळ, पोहे, चहा, सगळं रस्त्याला मिळतं. पण खरी मजा टोपलीतली. थंडी सरताना बोरं, उन्हाळा लागला की करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन आदिवासी बायका रस्त्याकडेला बसतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात देतात. घासाघीस करू नका, पाच रुपयांनी आपलं काही अडत नाही. सुटे पैसे जवळ ठेवा, टोपलीवर क्यूआर कोड असतोच असं नाही.

बरोबर काय न्यावं?

दोन जास्तीचे कपड्यांचे जोड, टॉवेल, ती जुनी चादर, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी, घसरणार नाहीत अशा रबरी चपला, प्यायचं पाणी. पाणी जरा जास्तच न्या, गरम पाण्यात बसल्यावर घाम येतो पण तो कळत नाही. कचऱ्याला एक रिकामी पिशवी. मौल्यवान काही नेऊ नका, कारण कोणीतरी एकजण कायम काठावर सामान राखत बसतं आणि ते माणूस बहुतेक मीच असते.

फोटो काढले तर चालतात का?

देवळाचे, डोंगराचे, वाफेचे काढा. आंघोळ करणाऱ्या माणसांचे नाही. रील बनवायला आलेल्या पोरांना तिथल्या एका आजींनी असं झापलेलं मी ऐकलंय की तो आवाजच रील म्हणून टाकायला हवा होता.

मुंबईतच एखादा झरा नाही का, इतक्या लांब कशाला?

गरम नाही, गोड पाण्याचा आहे. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून गोडा आहे, कारण त्याला खालून झरा आहे. रामाने बाण मारून गंगा आणली, ही कथा. चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानाच्या कडेला पारशांची भिका बेहराम विहीर १७२५ सालची, तीही खाऱ्या जमिनीत गोडी. ज्यांना वज्रेश्वरीचा प्रवास झेपत नाही त्यांना मी संध्याकाळी बाणगंगेच्या पायऱ्यांवर घेऊन जाते. पाय पोळत नाहीत, बदकं बघायला मिळतात.

कुंडाचं पाणी बाटलीत भरून आणावं का?

प्यायला नाही. त्यात क्षार विरघळलेले असतात, आणि लोक त्यात आंघोळ करतात. उघडंच आहे. पण आणणारे आणतात. आजी दर खेपेला पाच लिटरचा तेलाचा पांढरा कॅन घेऊन जायची, रामकुंडातून भरायची आणि एसटीत पायाशी धरून बसायची. थोड्या थोड्या वेळाने कॅनला हात लावून बघायची. शिरसाड येईस्तोवर तो पार गार झालेला असायचा. घरी आलं की मग ती तो स्टोव्हवर ठेवून परत गरम करायची.